यांजकडून सप्रेम भेट

त्या सकाळी नैवेद्याचे ताट देवापुढे ठेवले आणि भोवती पाणी फिरवण्यासाठी उचललेला माझा हात तसाच थांबला. समोर तांदळाच्या वाटीत माझी पितळेची अन्नपूर्णा बसली होती. लग्नात आईने ती माझ्या ओटीत घातली, तेव्हापासून तिला दाखवल्याशिवाय आमच्या घरी कोणी पहिला घास घेतलेला नाही. इतक्या वर्षांच्या आंघोळींनी तिचे नाक-डोळे झिजून गुळगुळीत झाले आहेत. हातातली पळी तेवढी स्पष्ट दिसते. देवाशी बोलण्याची मला सवय नाही. माणसांशीही फारशी नाही. पण त्या दिवशी मनात आले ते इतके स्पष्ट होते की ते मीच म्हणाले की कोणी माझ्या आतून म्हणाले, हे आजही सांगता येणार नाही. जिला भूक नाही तिच्यापुढे मी रोज ताट वाढते आणि ज्याने जेवायला हवे तो माणूस धंतोलीच्या इस्पितळात भिंतीकडे तोंड करून पडला आहे. मग हे कशासाठी चालले आहे?

मी पाणी फिरवले. केवळ सवयीने फिरवले, असे म्हणणे अधिक खरे होईल.

यांना न्युमोनिया झाला होता. अतिदक्षता विभागातले दिवस सरले, ताप उतरला, छातीतला कफ सुटला आणि यांना साध्या वॉर्डात आणले तेव्हा मला वाटले की आता संकट टळले. खरे संकट तेव्हा सुरू झाले. यांनी जेवण सोडले. सोडले म्हणजे रागाने नव्हे. जणू जेवण ही गोष्टच ते विसरून गेले. चमचा ओठांशी नेला की मान हळूच भिंतीकडे वळायची. डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी मला बाजूला बोलावून सांगितले, "औषधांचं काम झालं, आजी. आता अन्नाचं काम आहे. पोटात काही जाऊ द्या. नाहीतर उद्या-परवा नाकातून नळी घालावी लागेल, आणि या वयात नळी घातली की माणूस आणखी मिटतो. मला ते टाळायचंय."

मलाही ते टाळायचे होते. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी पहाटे उठून मी आंघोळ, पूजा, स्वयंपाक करत असे आणि मऊ भात, मुगाचे पातळ वरण, कधी रव्याची खीर असे काही घेऊन ई-रिक्षाने धंतोली गाठत असे. मुलगा सुट्टी संपल्यामुळे बंगळुरूला परतला होता. मी मनाशी ठरवले होते की नळी येऊ द्यायची नाही. माझ्यासारख्या बाईला ठरवण्याची वेळ आयुष्यात फार कमी वेळा येते. बहुतेक गोष्टी आपोआप ठरलेल्याच असतात. हे मात्र मी ठरवले होते.

आणखी एक गोष्ट घडत होती आणि ती मला आतून हलवत होती. हे मूळचे भिवापूरकडच्या एका खेड्यातले. शिक्षणासाठी नागपूरला आले, पाटबंधारे खात्यात अभियंता झाले आणि बोलणे पार शहरी झाले. आजारात मात्र ती सगळी वर्षे गळून पडली. मी चमचा पुढे केला की डोळे न उघडता म्हणत, "मले नको." आमच्या संसारात यांच्या तोंडून 'मले' हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. माझा नवरा माझ्यापासून दूर, माझ्या आधीच्या कुठल्यातरी घरी निघून चालला आहे, असे मला वाटे.

इस्पितळात भेटीच्या वेळेआधी डबे वर नेऊ देत नसत. फाटकाच्या आत काळ्या दगडाचा एक ओटा होता. नातेवाइकांनी आपापली पिशवी तिथे ठेवायची आणि वेळ झाली की उचलून वर जायचे. नागपुरात साडीच्या एका जुन्या दुकानाची पिवळी कापडी पिशवी घरोघरी आहे. माझा डबा त्याच पिशवीत असे आणि ओट्यावर तशा पिवळ्या पिशव्या नेहमीच पुष्कळ असत. त्या दिवशी दार उघडताच गर्दी झाली. गर्दीत पुढे होणे मला कधी जमले नाही, पण त्या दिवशी मी पुढे झाले, पिशवी उचलली आणि जिना चढले.

यांच्या खाटेशी बसून डबा काढला तेव्हा हाताला तो अनोळखी लागला. माझा डबा पितळी कडीचा, हा साधा स्टीलचा. झाकण उघडले तर आत ज्वारीच्या कण्या होत्या. भरडलेली ज्वारी मऊ शिजवून पातळ केलेली, वर लसणाची लालसर फोडणी. कोणाच्या तरी आजारी माणसाचे जेवण मी उचलून आणले होते. झाकण लावून तशीच खाली धावावे म्हणून मी उठले, तेवढ्यात भिंतीकडे वळलेली मान हलली.

"कण्या होय?" हे म्हणाले.

मी वळून पाहिले.

"लसणाचा वास येऊन राहिला. मायनं केल्या?"

यांच्या आईंना जाऊन किती वर्षे झाली! दुसऱ्याचे अन्न आपण देऊ नये, हे मला समजत होते. पण या माणसाने कित्येक दिवसांत पहिल्यांदा काहीतरी विचारले होते. मी बसले. चमचा भरला. यांनी तोंड उघडले. मोजकेच चमचे घेतले, पण गिळले, आणि मग यांना झोप लागली. झोपेत ओठ हलत होते, लहान मूल दूध पिऊन झोपते तसे.

त्यानंतर मी खाली धावले. ओटा रिकामा होता. माझी पिशवी कोणीतरी नेली होती. फाटकावर प्रभाकर नावाचा पहारेकरी बसे. त्याला मी घाबरत घाबरत सगळे सांगितले. तो हसला. "काकू, सगळ्याइच्या पिशव्या पिवळ्या. आता मी काय पिशवीले पिशवीची ओळख विचारू? टेन्शन नका घेऊ. ज्याचा हाय तो उद्या भांडाले येईनच."

पण मला टेन्शन आले होते. माझ्या डोळ्यांसमोर कोणीतरी उपाशी आजारी माणूस दिसत होता. घरी येऊन मी तो डबा घासायला घेतला तेव्हा झाकणावर अक्षरे दिसली. पूर्वी लग्नात भांड्यांवर नावे घालून देत असत, तशी ती मशीनने कोरलेली अक्षरे. चष्मा लावून, खिडकीशी नेऊन मी वाचण्याचा प्रयत्न केला. आरंभी 'चि. सौ. कां.' एवढे कळत होते. पुढचे नाव घासून घासून गेले होते. दुसऱ्या ओळीतले देणाऱ्याचे नावही गेले होते. शेवटचे शब्द तेवढे खोल कोरलेले असावेत, ते राहिले होते: यांजकडून सप्रेम भेट.

आमच्याकडे कोणाचे भांडे रिकामे परत करत नाहीत. काही नसेल तर चिमूटभर साखर तरी घालायची. हे मला कोणी शिकवले नाही. पाहून पाहून अंगवळणी पडले. त्यामुळे डबा परत करायचा म्हणजे भरून परत करायचा, हे ठरलेच होते. दुसऱ्या दिवशी पहाटे मी शिरा केला, देवीला दाखवला आणि त्या डब्यात भरला. शिवाय ज्वारी भरडून आणवली होती, तिच्या कण्या केल्या. आयुष्यात पहिल्यांदा केल्या. यांनी कधी मागितल्या नव्हत्या आणि आमच्या घरी त्यांची पद्धत नव्हती. नैवेद्याच्या स्वयंपाकात लसूण चालत नाही म्हणून मी तो घातला नाही. त्यांचे काय व्हायचे ते झाले. गुठळ्या झाल्या आणि तळाला लागल्या.

यांनी एक चमचा तोंडात घेतला, जिभेवर फिरवला आणि तो बाहेर आला. "ह्या नव्हेत," एवढेच म्हणाले आणि मान पुन्हा भिंतीकडे वळली. नर्सने सांगितले की डॉक्टरांनी संध्याकाळी नळीचे साहित्य तयार ठेवायला सांगितले आहे.

मी जिना उतरले तेव्हा माझ्या हातात तो शिऱ्याचा डबा होता आणि मनात एकच गोष्ट होती. या कण्या ज्या हातांनी केल्या ते हात याच इमारतीत कुठेतरी आहेत. ते शोधायचे. खालच्या प्रतीक्षा-दालनात विदर्भाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले लोक सतरंज्या पसरून बसलेले असत. रोज मी त्यांच्या कडेने, कोणाचा धक्का लागू नये आणि कोणाला आपला लागू नये अशा बेताने जात असे. त्या दिवशी मी मधोमध उभी राहिले. आवाज फुटेना. शेवटी जो फुटला तो सभेतल्या आभारप्रदर्शनासारखा होता.

"क्षमा करा. हा डबा आपणांपैकी कोणाचा आहे का?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. कोपऱ्यातून एका म्हाताऱ्याने विचारले, "भरला हाय का रिकामा, बाई? भरला असन तं माहाच हाय!"

दालनभर हशा पिकला. एरवी मी तिथून निघून गेले असते; पण नळीची आठवण झाली आणि मी तिथेच उभी राहिले. "भरलेला आहे," मी म्हणाले. "पण आधी ज्यांनी त्यात कण्या भरल्या होत्या, त्यांना तो द्यायचा आहे."

"अवं बाप्पा!" खांबाला टेकून बसलेली एक बाई ताडकन उठली. "म्हणजे बिनमिठाचा भात तुमचा होता काय?"

या शीलाताई. मौद्याच्या. तिथे त्यांचा शिवणक्लास आहे. साधारण माझ्याच वयाच्या, पण आवाज असा की दालनाच्या दुसऱ्या टोकालाही शब्दन् शब्द पोचावा. त्या माझ्याजवळ आल्या आणि मला खालून वर पाहत म्हणाल्या, "काहून वं ताई, भातात मीठ टाकाचं नसते काय तुमच्यात? पेशंटले जगवाचं हाय का वैकुंठाले धाडाचं हाय?"

मला काही कळेना. भातात मीठ नव्हते? मग हळूहळू उमगले. नैवेद्य दाखवण्याआधी स्वयंपाक चाखायचा नाही, ही आमची रीत. दाखवला की तोच डब्यात भरून मी धावत निघत असे. गेले कित्येक दिवस माझे चित्त थाऱ्यावर नव्हते. मी मीठ घालायला विसरत होते आणि कोणी चाखत नव्हते म्हणून कोणाला कळत नव्हते. ज्याने चाखले त्याला बोलायचे त्राण नव्हते. मी हे सगळे अडखळत त्यांना सांगितले आणि त्यांची क्षमा मागू लागले.

"माफी कायची मांगता?" त्या म्हणाल्या आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "बसा. आईका. माही लहान बहीण हाय वर. किडन्या सुजल्या तिच्या. काल सकाळी डॉक्टर लय रागावला का मिठाचा कणही नको. अन् म्या तं कण्या रांधून आणल्या होत्या, मीठ टाकून. खोलीवर जाऊन दुसरं कराले टाइम नाही. आता हिले काय देऊ, म्हणून इथंच बसली होती रडत. मंग दार उघडलं, पिशवी उचलली, वर गेली. म्हटलं, देऊन तं पाहू, दोन घास खाऊन मरत नाही कोणी. उघडते तं कण्याइच्या जागी भात! चाखून पाह्यला, तं मीठच नाही. बहिणीनं सारा खाल्ला. मले वाटलं, दवाखान्यातल्याच कोणी बाईनं बदलून देल्ला. तुमचा कडीचा डबा घासून ठेवला हाय, देते."

माझ्या डोळ्यांपुढे सकाळच्या देवघरातली ती पळी आली. या हातातले त्या हातात आणि त्या हातातले या हातात, असे कोणीतरी वाढले होते. ते कोणी, हे मी विचारले नाही. आजही विचारत नाही.

मग मी त्यांना कण्यांबद्दल विचारले. यांच्याबद्दल सांगितले, नळीबद्दल सांगितले. सांगता सांगता मी त्या अनोळखी माणसांच्या गर्दीत रडले. असे मी यापूर्वी कधी केले नव्हते. शीलाताईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला नाही की डोळे पुसले नाहीत. त्यांनी घड्याळाकडे पाहिले. "संध्याकाळच्या भेटीले टाइम हाय. मी खोलीवर जाऊन कण्या टाकते. तुमी घरी जा अन् माह्या बहिणीसाठी तुमच्या त्या देवाचा भात आणा. मले बिनमिठाचं रांधता येत नाही वं, हात आपोआप मिठाच्या डब्याकडे जाते. तुमाले मीठ टाकणं आठवत नाही. मंग भांडण कायचं?"

डब्यातला शिरा मी त्यांच्यापुढे केला. पण करताना मनात शंका आली. मघाशी त्यांनी येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला 'जय भीम' म्हटलेले मी ऐकले होते. मी म्हणाले, "हा नैवेद्याचा आहे. तुम्हाला चालेल ना?"

"आमी बुद्धाचे लोक, ताई. नैवेद्य-बिवेद्य आमच्यात नाही." त्यांनी बोटावर शिरा घेऊन चाखला. "पण साखर टाकणं नाही विसरल्या तुमी. मंग चालते."

त्या संध्याकाळी कण्या आल्या. लसणाचा वास खाटेपर्यंत पोचताच यांनी मान वळवली. मी बाजूला उभी होते आणि शीलाताई स्वतः स्टुलावर बसल्या होत्या. "भाऊ, भिवापूरचे ना तुमी? मंग तिखट कमी हाय म्हणून तक्रार नाही कराची. डॉक्टरनं मिरची बंद केली, नाहीतं म्या तुमच्याच गावची टाकली असती." हे हसले. अगदी किंचित, ओठाची एक कड हलली, इतकेच. मग म्हणाले, "भिवापूरची मिरची तुमाले झेपन काय?" आणि तोंड उघडले. नर्स दाराशी ट्रे घेऊन आली होती. ती थोडा वेळ उभी राहिली आणि ट्रे घेऊन परत गेली.

त्यानंतरचे दिवस मी इस्पितळातले दिवस म्हणून आठवतच नाही. मी रोज सकाळी बिनमिठाचे रांधत असे, आता जाणूनबुजून, आणि शीलाताई मिठाचे. ओट्याशी आमची अदलाबदल होई. कण्या कशा करायच्या हेही त्यांनी मला शिकवले आणि माझ्या गुठळ्यांची पुरेपूर टिंगल केली. आमचे पाहून दालनातले इतरही बोलू लागले. एका सूनबाईच्या सासऱ्यांना दात नव्हते आणि तिला घट्टच स्वयंपाक यायचा. तिची पोळी त्या कोपऱ्यातल्या विनोदी म्हाताऱ्याकडे जाऊ लागली आणि त्याच्या मुलीची पातळ खिचडी तिच्या सासऱ्यांकडे. सगळे नीट जमले असे नाही. एकदा मधुमेहाच्या रोग्याकडे लापशी गेली आणि त्यावरून चांगलीच खडाजंगी झाली. पण जे आधी आपापल्या सतरंजीच्या कडेच्या आत बसत ते एकमेकांना विचारू लागले होते, "तुमच्या पेशंटले काय चालते?" या एका प्रश्नात किती मोठी गोष्ट आहे, हे मला तोवर माहीत नव्हते.

डबा मात्र राहून गेला होता. शिऱ्याच्या दिवशीच मी तो शीलाताईंना देऊ केला, तेव्हा त्या म्हणाल्या, "हा माहा कुठचा? आमी पहिल्या दिवशी आलो तवा संग पाणीसुद्धा नव्हतं. बाजूच्या खाटेवर गोंदियाकडची एक बाई होती, तिनं यात वरणभात देल्ला. घासून ठेवला, म्हटलं रिकामा कसा देऊ, काहीतरी टाकून देते. तं तिची सुट्टी होऊन गेली. तिचं नावही नाही माहीत."

मी इतक्यावर थांबले नाही. कोणाची तरी लग्नातली वस्तू होती ती. आईबापांनी, आत्या-मावशीने प्रेमाने नाव घालून दिलेली. ती हरवली म्हणून त्या घरी हळहळ होत असेल. मी नर्सना विचारले, स्वच्छता करणाऱ्या बायांना विचारले, समोरच्या औषधाच्या दुकानात विचारले. जी मी कोणाला रस्ता विचारायला लाजत असे, ती मी डबा पुढे करून अनोळखी माणसांना थांबवत होते. शेवटी प्रभाकरला दाखवला. त्याने झाकण उलटसुलट करून पाहिले.

"हा होय? याले तं मी दिवाळीच्या आधीपासून पाहून राहिलो, काकू. कधी या बाईच्या हातात, कधी त्या बुढ्याच्या. मले वाटे दवाखान्याचाच हाय. एकदा उमरेडचा एक माणूस आला, मले म्हणे, या डब्यात कोणी तरी आमाले जेवण देल्लं, तिले कुठं शोधू? मी म्हटलं, मले काय माहीत? तं तो त्यात केळं टाकून ओट्यावर ठेवून गेला."

मी डबा परत हातात घेतला. उन्हाळा सुरू झाला होता. फाटकाबाहेर रसवंतीची घुंगरे वाजत होती. माझ्या मनात जो शोध चालला होता तो तिथे संपला. हा डबा कोणाचा तरी होता खरा, पण आता कोणाचाच नव्हता. ज्याला मिळाला त्याला तो परत करता आला नाही, आणि रिकामा ठेवता आला नाही. न फिटलेल्या ऋणावरच तो इतका हिंडत आला होता. घेणारीचे नाव पुसले गेले, देणाऱ्याचे पुसले गेले. घासणाऱ्या कितीतरी हातांनी ती नावे पुसली आणि नेमके तेवढे तीन शब्द शिल्लक ठेवले.

शीलाताईंच्या बहिणीला आमच्याआधी घरी सोडले. निघताना मी सवयीने म्हणाले, "या हं." त्या केवढ्याने ओरडल्या! "इथं 'या' नका म्हणू वं ताई! साऱ्या दुनियेत 'येते' म्हणाचं, दवाखान्यातून 'जाते' म्हणाचं." मग थोडे पुढे जाऊन त्या परत वळल्या. "मौद्याले या. तिथं 'येते' म्हणू." मी त्यांना विचारले की डब्यांची ती पहिली अदलाबदल कोणाच्या इच्छेने झाली असे त्यांना वाटते. "तुमी तुमच्या देवीची म्हणा. आमच्या विहारात याले मैत्री म्हणतेत. मले तं वाटते, आपल्या दोघीइले चष्म्याचा नंबर बदलाले पाह्यजे." आणि हसत हसत त्या रिक्षात बसल्या.

यांना सुट्टी मिळाली त्या सकाळी मी कण्या केल्या. लसूण घालून, मीठ घालून. त्या देवीला दाखवता येणार नव्हत्या; मी तरी वाटी तिच्यापुढे क्षणभर धरली आणि तिने काही हरकत घेतली नाही. डबा भरून मी इस्पितळात गेले. प्रतीक्षा-दालनात दाराजवळ एक तरुण स्त्री बसली होती. तिच्याजवळ सतरंजी नव्हती, पिशवी नव्हती, पायांत घरातल्या चपला होत्या; म्हणजे जशी होती तशी निघून आलेली. ती प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याकडे पाहत होती आणि कोणाला काही विचारत नव्हती. तिची ती बसण्याची तऱ्हा मी ओळखली. ती माझीच होती.

मी तिच्याशेजारी बसले. "कोण आहे तुमचं?" मी विचारले.

"आई," ती म्हणाली. "रात्री आणलं. भंडाऱ्याहून."

"काय चालतं त्यांना?"

ती माझ्याकडे पाहतच राहिली. तिला अजून कोणी हे विचारले नसावे. मी डबा तिच्या मांडीवर ठेवला. आईला चालत नसेल तर तुम्ही खा, म्हणाले; तुम्हीही काही खाल्लेले दिसत नाही. तिने झाकण उघडले, वास घेतला आणि तिचे डोळे भरून आले. "डबा कुठं आणून देऊ, काकू? तुमचं नाव?"

नाव सांगणार होते, ओठांवर आलेही होते. मग झाकणावरच्या गुळगुळीत जागेकडे लक्ष गेले. "माझा नाही तो," मी म्हणाले. "रिकामा तेवढा परत करू नका."

"पण परत कोणाले करू?"

"भेटेल कोणीतरी. मलाही भेटलं."

वरून हे चाकाच्या खुर्चीत बसून येत होते. मी उठले आणि तिला म्हणाले, "जाते हं." आयुष्यात पहिल्यांदाच मी कोणाचा 'जाते' म्हणून निरोप घेतला असेल.

आता हे बरे आहेत. सकाळी अंगणात चार पावले टाकतात. बोलणे पुन्हा शहरी झाले आहे, पण जेवणाच्या वेळी 'मले' परत येते आणि मी ते येऊ देते. माझी पूजा पूर्वीसारखीच चालते. नैवेद्य आजही आधी चाखत नाही. त्या सकाळी मी देवीला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. इतकेच म्हणते की मी तिला भक्ती देत होते, निष्ठा देत होते, पदार्थ निवडून देत होते. तिने यांपैकी कशाचे काय केले मला ठाऊक नाही. माझे विसरणे मात्र तिने उचलले आणि ज्या ताटात त्याची गरज होती त्या ताटात वाढले. तेव्हापासून मी तिच्यापुढे हात जोडते तेव्हा माझ्या हातून होणाऱ्या चुकाही तिच्या वाटीत ठेवते. त्या तिच्याकडे असलेल्या बऱ्या. आणि मला वाटेत भेटणाऱ्या अनोळखी माणसाला मी आता विचारते. आवाज अजून कापतो, तरी विचारते.

काल ताट वाढले, देवीला दाखवले, पाणी फिरवले. हे पाटावर बसले, भात कालवला, पहिला घास घेतला आणि थांबले.

"मीठ टाकलं का वं आज?"

मी आठवू लागले. खरेच आठवेना.

"राहू दे," हे म्हणाले आणि दुसरा घास घेतला. "कोणाले तरी बिनमिठाचंच लागत असन."

मी मिठाची वाटी यांच्यापुढे सरकवली आणि देवघराकडे पाहिले. ती आपली पळी हातात धरून तांदळात बसली होती.